पहिल्या नंबरचे आजोबा

“माझ्या बापाला तुम्ही चव्हाट्यावर हसायला ठेवलंय, साहेब. आधी उतरवा त्यांना.”

संपादकांनी मान वर केली नाही. ते आकडे बघत होते. “दार लाव, एसी चालू आहे.”

तिने दार लावलं नाही.

त्यांच्या पोर्टलवर दर शुक्रवारी ‘आठवड्याची धमाल’ यायची. घोरणारा पोपट, बाटल्यांच्या झाकणांचं घर बांधणारा न्हावी, असलं इंटरनेटवरचं काहीबाही वेचून ती ते सदर जुळवायची. म्हणून ऑफिसात तिचं नाव ‘हसरी’. क्लिपा बघायची रीत साहेबांचीच: आवाज बंद, वेग दुप्पट. लोक कामाच्या वेळात चोरून बघतात, तेव्हा मुक्यानेच हसू फुटलं पाहिजे.

या खेपेला कापडाच्या दुकानातली एक क्लिप आली. पाठमोरा म्हातारा, अंगात भडक स्वेटर, निळ्या झग्यातल्या पुतळ्याला हाताला धरून ओढतोय. ओढता ओढता पुतळ्याचा हातच निखळतो. म्हातारा तो हात छातीशी धरून पाठमोराच झुलत राहतो. दुप्पट वेगात तो नाचल्यासारखाच दिसत होता. हसरी खदखदून हसली आणि ‘पुतळा पळवणारे आजोबा’ असं शीर्षक ठोकून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. “ताई, आवाज लावून बघा जरा. स्वेटर मी परवाच आणलाय, म्हणून तुम्ही ओळखलं नसेल.”

तिने आवाज लावला.

“चल गं घरी,” बाबा पुतळ्याला म्हणत होते, “किती वेळ उभी राहशील? पाय सुजलेत तुझे.”

तिच्या आईने उभा जन्म असल्याच एका दुकानात कापड दाखवण्यात काढला. मालकाने कधी साधं स्टूल दिलं नाही. बाबा पंपदुरुस्ती करायचे. कामावरून सुटले की ग्रीसचे हात पुसत पुसत तिला आणायला जायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांना ते कधी आठवायचं, कधी नाही.

आता गल्लीतली माणसं स्वेटरवरून ओळखून त्यांना थांबवत होती, सोबत फोटो काढत होती.

“चेहरा कुठे दिसतोय त्यांचा?” साहेब म्हणाले. “आणि निवडलं कोणी? तूच ना?”

“मीच. माझे हात तोडा हवं तर. पण ती क्लिप काढायचं बटण तुमच्याकडे आहे.”

“पहिल्या नंबरवर चाललीय ती. मागे जिन्यावरून गडगडलेली बाई टाकलीस, तिलाही मुलगी असेलच की. तेव्हा नाही आलीस भांडायला.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिच्या अंगाची लाही लाही झाली. “नाही आले. नालायक होते मी. तुम्ही अजून किती दिवस राहणार?”

“तोंड सांभाळून बोल. नोकरी नकोय का?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वहिनी रडकुंडीला आली होती. “ताई, बाबा ऐकतच नाहीत हो. चपला घालून दारात उभे आहेत. दुकानात जायचं म्हणतात.”

“दे त्यांना.” तिने फोनचा स्पीकर लावला आणि तो साहेबांच्या कागदांवर ठेवला. “बाबा, आमचे साहेब आहेत. त्यांनीच तुम्हाला सगळ्यांना दाखवलं. काय विचारायचंय ते त्यांनाच विचारा.”

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मोठ्या माणसाशी बोलायचं म्हणून बाबांनी गळा साफ केला असावा.

“नमस्कार साहेब. एवढी माणसं बघतात म्हणे तुमच्याकडे. मग आमची ही दिसली असेल की कुणाला. सुटली का हो ती कामावरून? की येऊ मी आणायला?”

साहेबांचा हात फोन बंद करायला पुढे आला. तिने तो मनगटाशी धरला.

“बाबा थांबलेत, साहेब. उत्तर द्या.”