वडीगोद्रीची सत्तावीस नावं

इंद्रायणी जाऊन एकोणीस दिवस झाले, तेव्हा मी वडीगोद्रीची सत्तावीस नावं खोडायला बसलो.

अंबडला आमचं संगणक केंद्र आहे. दोन मशीन. एकावर मी वेबसाइट बनवायचो, दुसऱ्यावर ती टायपिंग करायची. २००२ साली ती पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा रक्त तपासलं. गट निघाला बी निगेटिव्ह. ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी रक्त देणारा माणूस आधी शोधून ठेवा. म्हणून मी रक्तदात्यांची वेबसाइट बनवली. गावोगावच्या शिबिरांतून याद्या आणायच्या आणि इंद्रायणीने त्या भरायच्या. एका ओळीत नाव, कंसात गट, पुढे फोन. सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं तेव्हा एका मशीनवर दिसायची आणि दुसऱ्यावर चौकोन यायचे.

२००४ च्या ऑगस्टमध्ये वडीगोद्रीला शिबिर झालं. सत्तावीस जणांनी रक्त दिलं. तिने दुपारभर बसून नावं भरली. मी पान उघडून पाहिलं तर नुसती नावं आणि फोन. गट कोणाचाच नाही. शिवाय तिसऱ्या नावापासून पुढची सगळी अक्षरं ठळक झालेली.

"वडीगोद्रीच्यांचे गट टाकलेच न्हाईस तू," मी म्हणालो.

"टाकले की सगळे."

"मंग दिसून का न्हाई राह्यले?"

"ते तुमच्या पानाला इचारा. मी टाकलेत." मग हसून म्हणाली, "आन माझं ते नऊचं बटण कधी बदलून देता? बाळाच्या बारशाला?"

तेव्हा तिला सहावा लागला होता. तिच्या की-बोर्डवरचं वरच्या ओळीतलं नऊचं बटण जूनपासून मेलेलं होतं. नऊ आकडा उजवीकडच्या आकड्यांवरून यायचा, म्हणून मी चालढकल केली. बटणाचं मी विसरलो. गटांचं मात्र मनात ठेवलं. पोटुशी बाई, थकली असेल, राहून गेलं असेल आणि आता कबूल करत नाही, असं मी धरून चाललो.

दिवाळीच्या पाडव्याला तिला अचानक रक्त जायला लागलं. जालन्याला नेलं. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. आमच्या यादीत बी निगेटिव्हचा एकच माणूस दिसत होता, जालन्यातलाच. त्याने दहाच दिवसांपूर्वी कोणाला तरी रक्त दिलं होतं. औरंगाबादहून बाटल्या निघाल्या होत्या. मी दवाखान्यासमोरच्या इंटरनेट कॅफेतून यादी कागदावर छापून आणली.

ती म्हणाली, "वडीगोद्रीचं बघा. एक हाय तिथं. माझ्याच गटाचा."

"कोण?"

"नाव ध्यानात न्हाई. यादीत हाय. टाकलाय मी."

मी कागद तिच्या तोंडापुढे धरला. आजही तो धरलेला हात मला दिसतो. "कुठं टाकलाय? दाखव. एकाचाबी गट न्हाई याच्यात."

"टाकलाय," ती म्हणाली. माझ्याशी ती बोलली ते हेच शेवटचं.

बाहेर येऊन मी वरून एकेक नंबर लावत गेलो. कोणी उचलला नाही, कोणाला स्वतःचा गटच माहीत नव्हता. शिबिरवाल्यांचं ऑफिस सणामुळे बंद. सहा फोन झाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, रक्ताची गाडी बदनापूरपर्यंत आली. मी फोन ठेवला. गाडी आली, पण उशीर झाला होता.

मुलगी वाचली. ती माझ्या सासूबाईंकडे, आसराबाईंकडे आहे.

तर एकोणीस दिवसांनी मी ती नावं खोडायला बसलो. बिनगटाची नावं ठेवून काय करायचं? आणि खरं सांगायचं तर मला तिचा राग येत होता. खोडायचं तर पान उघडून भागत नाही, जिथे नोंदी साठवतो ते कोठार उघडावं लागतं. ते मी उघडलं.

सत्तावीसच्या सत्तावीस गट तिथे होते. गोल कंसात नव्हते. उघडणारा गोल कंस नऊच्याच बटणावर असतो, तो येईना म्हणून तिने खालच्या ओळीतले टोकदार कंस वापरले होते. < आणि >. अकराव्या ओळीत मच्छिंद्र, पुढे त्या कंसांत बी निगेटिव्ह.

ब्राउजरला < दिसलं आणि लगेच इंग्रजी अक्षर आलं, की > येईपर्यंतचा मजकूर त्याला सूचना वाटतो. सूचना तो पाळतो, दाखवत नाही. त्यातही बी म्हणजे अक्षरं ठळक कर. तिसऱ्या ओळीतला बी पॉझिटिव्ह पाहून त्याने खालची नावं ठळक केली आणि गट सगळेच गाळून टाकले, तिच्या रक्ताचाही. मी ती ठळक अक्षरं तीन महिने बघत होतो.

यावर उपाय असतो. मजकूर पानावर पाठवताना असल्या चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक नावं पाठवायची, म्हणजे ब्राउजर ती चिन्हं जशीच्या तशी दाखवतो. त्याला तयार फंक्शन आहे, एका ओळीचं काम. क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं. मी समजलो होतो, ते चोरांपासून वाचायला असतं. रक्तदात्यांच्या यादीत कोण चोर शिरणार?

त्या दिवशी मी ती ओळ लिहिली नाही. मशीन बंद केलं आणि वडीगोद्रीला गेलो.

मच्छिंद्रचं रस्त्यालगत पंक्चरचं दुकान. तो ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. त्याची बायको मालनबाई बाजूला तांदूळ निवडत होती.

"कोणतं चाक?" त्याने विचारलं.

"चाक न्हाई. एक इचारायचं होतं. दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही कुठं होतात?"

तो हसला. "पोलिसातले हायत का? हितंच होतो. सणाला गाड्या लई. जेवायलाबी घरी गेलो न्हाई, ही अजून बोलून राह्यली."

"मुलखाचे येडे," मालनबाई म्हणाली. "पुरणपोळी दुकानात आणून द्यावी लागली मला."

"आन फोन?"

"बाजूच्या किराणातला हाय. हाक मारतेत. का बरं?"

तो गावाला गेला होता, एवढंच ऐकायला मी आलो होतो. दुसरं काही नको होतं. मग मी सगळं सांगितलं. ट्यूब त्याच्या हातून पाण्यात सुटली.

"थांबा," तो म्हणाला. "पाडवा म्हणताव का? मंग न्हाई. पाडव्याला मी आष्टीला गेल्तो. बिलकुल ध्यानातून गेलं."

"आष्टीलाच गेल्तो आम्ही," मालनबाई ताटात बघत म्हणाली. "माझ्या माहेरी."

मी मान हलवली. तिने चहा केला, तो मी प्यालो.

निघताना मच्छिंद्र म्हणाला, "ते तुमचं पान नीट केलं का?"

"न्हाई."

"का?"

"हात उठत न्हाई."

"उठवा, भाऊ. माझा गट दिसू द्या. उद्या कोणाला लागलं तर? जल्दी करा."

मी अंबडला आलो आणि तिच्या मशीनवर बसलो. माझ्या मशीनवर बसवेना. फंक्शनचं नाव लिहिलं आणि अडलो. पुढे गोल कंस लागतो. बटण दाबलं, काही आलं नाही. पुन्हा दाबलं. बराच वेळ दाबत राहिलो. शेवटी आधी लिहिलेल्या ओळीतला एक गोल कंस उचलून खाली आणून चिकटवला.

पान पुन्हा उघडलं. अक्षरं साधी झाली होती. सत्तावीस गट दिसत होते, तिने टाकलेल्या कंसांत. ते गोल करायला दोन मिनिटं लागली असती. मी केले नाहीत.

दवाखान्यातला तो कागद अजून खिशातच होता. सहा नावांपुढे माझ्या पेनाच्या खुणा. मी फोन जवळ ओढला आणि त्या दिवशी सोडून दिलेला सातवा नंबर लावला. अर्ध्या मिनिटात कोणीतरी उचलला.

"हॅलो, कोण पाहिजे?" तिकडून विचारत होते. "हॅलो? बोला की."