काहीच न करणारी फाइल

द्वारका चौकाजवळच्या आमच्या कारखान्यात कांद्याची प्रतवारी करणारी यंत्रं बनतात, आणि त्यांतल्या चिपचे प्रोग्राम मी लिहिते. नवा प्रोग्राम चिपमध्ये मावेना. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, एरवी एकेक फाइल वेगळी वाचतो, शेजारच्या फाइलीत काय चाललंय याची त्याला खबर नसते. मी त्याला सगळ्या फाइली एकत्र वाचायला लावल्या, तेव्हा त्यानं बिनकामाचं ते सगळं उडवलं. प्रोग्राम मावला आणि मी हवेत.

आमचे रावजीशेठही तेव्हा बिनकामाचं उडवायच्याच मागे होते. यादवकाकांनी पंधरा वर्षांपूर्वी मूळ प्रोग्राम लिहिला, आणि आता ते दिवसभर खिडकीशी चहा पीत बसत. विंचूरला नव्या प्रोग्रामची चाचणी झाली की त्यांना निरोप द्यायचा म्हणून शेठनी शाल-नारळ आणूनही ठेवला. वाईट वाटलं, पण मीही मान डोलावली होती.

विंचूरला यंत्र घेऊ पाहणाऱ्या चतुराबाईंच्या खळ्यावर यंत्र सुरू केलं, तर मुठीएवढे कांदे धडाधड गोल्टीच्या, म्हणजे सगळ्यात बारीक मालाच्या, क्रेटमध्ये. बाईंनी एक कांदा शेठच्या नाकापुढे धरला.

"ही गोल्टी हाय? मग मोठा कांदा केवढा असतो तुमच्याकडं?"

शेठ माझ्याकडे बघू लागले. गाडी चालवायला म्हणून आणलेले काका सावलीत बसून यंत्राचा आवाज ऐकत होते.

"हर्षाली, माझी 'थांब' फाइल काढलीस का?"

त्या फाइलीत यंत्र नुसतं हजारापर्यंत मोजत बसे. मी ती वाचून हसले होते. पण तेवढ्या वेळात कांदा यंत्राच्या वाटीत येऊन स्थिर व्हायचा आणि मग वजन व्हायचं. फाइल वेगळी, म्हणून कंपायलरला इतकी वर्षं आत डोकावता आलं नव्हतं. आता डोकावून त्यानं ते मोजणं फुकटचं ठरवलं, आणि यंत्र रिकाम्या वाटीचं वजन करत सुटलं.

लाज वाटली. याला हात लावू नकोस असं कंपायलरला बजावणारा एक शब्द असतो, तो लॅपटॉपवर जोडला. कांदे गुमान आपापल्या क्रेटमध्ये गेले. बाईंनी दोन यंत्रं घेतली.

परतताना शेठनी विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं?

"काहीच करत नाही म्हणून एकाला मी काढून टाकलं होतं."

शेठ बराच वेळ गाडी चालवणाऱ्या काकांच्या मानेकडे बघत राहिले.

सोमवारी त्यांनी तो नारळ बाईंच्या यंत्रांपुढे फोडला. काका खोबरं चावत खिडकीशी जाऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, कपाटातली शालही देऊन टाका. इथे वारा फार लागतो."