एक पट्टी सोडून

आई गेल्यापासून आठ महिने बाबा कुणाशी बोलले नव्हते. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावणारा माणूस वृद्धाश्रमाच्या खिडकीत मख्ख बसून असायचा. मग दर मंगळवारी संगीतोपचारवाल्या बाई येऊ लागल्या. "संगीतातून मन मोकळं करायचं हं, आजोबा," असं लाडेलाडे म्हणत त्या हॉलमधला जुनाट पियानो बडवायच्या.

तिसऱ्या मंगळवारी बाबांचं मन मोकळं झालं. "बंद करा! ती पट्टी बेसूर आहे, आणि तुम्हीसुद्धा!"

बाबांच्याच खोलीत राहणाऱ्या मास्तरांशी त्यांचं पंख्यावरून मुकं हाडवैर. पण तेच मास्तर ओरडले, "वा! माझ्या मनातलं बोललात!" मग दोघांनी मिळून बाईंची अशी बिनपाण्याने केली, की मलाच मान वर करवेना. बाईंनी मात्र शांतपणे वहीत लिहिलं, 'भावना व्यक्त झाल्या. मैत्री जुळली.' आता यावर काय बोलणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्याकडून आपली हत्यारांची पेटी मागवली. मास्तरांनी बॅटरी धरली आणि दुपारभर एकमेकांवर खेकसत दोघांनी पियानो सुरात लावला. मी एकेक पट्टी दाबून पाहिली. जिच्यावरून एवढं महाभारत घडलं, तीच अजून केकाटत होती.

"बाबा, ही राहिली."

"राहू दे," बाबांनी झाकण लावलं. "मंगळवारी मग बोलायचं काय?"