बसून जेवणारा राजा

आमच्या डोंगरात रिवाज साधा होता. ज्याने जाळं न लावता भाल्याने रानडुक्कर मारलं, त्याने मेजवानीत पलंगावर आडवं होऊन जेवावं. बाकीच्यांनी खुर्चीत ताठ बसावं. मग तो राजा का असेना. आमचा हार्पालियोन राजा झाला तरी बसूनच जेवायचा, आणि त्याचेच सरदार आजूबाजूला लोळत दात काढायचे.

मी त्याची दाई. माझ्या दुधावर वाढलेलं पोर ते. काय दिवस होते! दरबारातून उठून थेट माझ्या चुलीपाशी यायचा, बकरीचं चीज पळवायचा, आणि मी पळी उगारली की म्हणायचा, "दाईआई, राजाला मारतेस?" तसं हसणं त्या घरात मी पुन्हा ऐकलं नाही. आजही चुलीपाशी बसले की जीव कासावीस होतो.

त्याच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी त्याचा काका गादीसाठी फौज घेऊन नदीपलीकडे येऊन ठेपला. सरदारांना निमित्तच हवं होतं. म्हातारा देर्दास तोंडावर म्हणाला, "खुर्चीतल्या पोरामागे आम्ही मरायला जायचं होय? आधी डुक्कर मारा, महाराज. मग हुकूम सोडा."

माझा नवरा कोर्रागोस राजाची शिकारी कुत्री सांभाळायचा. त्याला पोराची दया आली. त्याने गुपचूप एक डुक्कर जाळ्यात धरलं, बांधून ठेवलं, आणि राजा रानात आला तसं झुडपाआडून सोडलं. राजाने एका भाल्यात लोळवलं. गावभर जल्लोष झाला. मी स्वतःच्या हाताने पलंगावर लोकर अंथरली.

मेजवानीला सगळे थांबले होते. राजा आला, पलंगाकडे बघत उभा राहिला.

"डुकराच्या पायाला दोरीचे वळ होते," तो म्हणाला. "ते जाळ्यातलं होतं."

कोणी धरलं, ते त्याने विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि बसला. देर्दास डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, मग उठला. त्याच्यामागे सगळे सरदार आपापली माणसं घेऊन निघून गेले.

"मेल्या, एकदा आडवा झाला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी ओरडले.

"घास उतरला नसता, दाईआई," तो म्हणाला, आणि सावकाश जेवला.

दुसऱ्या दिवशी नदीच्या उतारावर काकाच्या फौजेशी लढताना तो पडला. त्याच्या शेजारी माझा कोर्रागोसही.

काकाच्या पहिल्या मेजवानीत भाकरी वाढायला मीच होते. पोट कुणाला चुकलंय? सगळे सरदार पलंगांवर पसरले होते. देर्दास तेवढा खुर्चीत बसलेला.

"आडवे व्हा की, सरदार," मी म्हटलं. "तुम्ही तर डोंगरातली निम्मी डुकरं मारलीत."

त्याने मान वर केली नाही. "होववत नाही, बाई."

"बसा मग," म्हटलं, आणि भाकरीची टोपली पुढच्याकडे नेली.