शादियेच्या पळीतले शिसे

मी एक जुना शिशाचा गोळा आहे. मित्रांनो, पाडलेल्या हमामाच्या नळातून कापून मला तुर्कस्तानातल्या किलिस गावी शादिये आजींकडे आणले. तेव्हापासून चुलीशेजारची काळी पळी हेच माझे घर.

थंड असताना माझे कण ओळीने, जागच्या जागी थरथरत असतात. विस्तव लागला की थरथर वाढते, मग त्यांना जागा धरवत नाही आणि मी वाहू लागतो. आजाऱ्याच्या डोक्यावर चादर धरायची, तिच्यावर गार पाण्याचा वाडगा आणि त्यात मला ओतायचे, ही इथली दृष्ट काढायची रीत. पाणी माझी उष्णता हिसकावून घेते. कण सापडतील तिथेच गोठतात आणि मला काटे फुटतात.

"बघा, केवढी नजर लागली होती," आजी म्हणत. काटे पाण्याच्या गारव्याचे होते, पण माझे कौतुक गावभर झाले.

फार तापवले की माझे काही कण धूर होऊन उडतात आणि चटईवर बसतात. आजींची नात एल्मास त्याच चटईवर खेळे. चौथ्या वर्षी तिचे पोट दुखू लागले, गाल पांढरे पडले, येणारे शब्द ती विसरू लागली.

"आई, डॉक्टरांना दाखवू या ना," आजींची सून, एल्मासची आई नेझाहत म्हणाली.

"अगं, अख्खं गाव माझ्या दारात येतं, आणि माझीच नात तू दुसरीकडे नेणार? लोक तोंडात शेण घालतील."

वर्षभर दर शुक्रवारी मला तिच्या डोक्यावरच्या वाडग्यात ओतले. कुंपणच शेत खात होते आणि मला तोंड नव्हते.

शेवटी नेझाहत पोरीला घेऊन गेलीच. डॉक्टरांनी रक्त तपासून एवढेच विचारले, "घरात शिसं वितळवता का?"

आजींनी पळी फळीवर ठेवून दिली. एल्मास आता नऊ वर्षांची आहे. वीसपर्यंतचे आकडे तिला अजून सलग येत नाहीत.

काल शेजारीण तापाने फणफणलेले बाळ घेऊन आली. "नीने, एकदाच," ती आजींना म्हणाली. दृष्ट काढायचा वसा घेतलेल्या बाईने दारातून कुणाला परत पाठवू नये म्हणतात. आजींनी एल्मासकडे पाहिले, मान खाली घातली आणि पळी काढली. एल्मास कुणी न सांगता चटईवरून उठून बाहेर गेली.

मित्रांनो, आजींचा मला राग येतो, स्वतःचा त्याहून जास्त. पळी उचलणारा तो हात तुम्हीच धरा. मला थांबता येत नाही. विस्तव लागला की माझे कण जागा सोडतातच.