शेवटचा भाग मी एकट्यानं पाहिला

अहो, थोबाडीत काय मारता? सेल संपत आलेत माझे, मी काही रुसून बसलेलो नाही. प्रसाद एवढा मोठा इंजिनिअर, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत दोन गाड्या दारात, पण रिमोट चालेनासा झाला की आधी तळहातावर चार चापट्या! हो, मी रिमोट बोलतोय. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीचा रिमोट. चापट्या खाऊन सध्या सोफ्याच्या फटीत पडलोय, शेजारी एक शेंगदाणा आणि कुणाचा तरी एक मोजा.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते काही आठवत नाही. आठवतं ते थर्माकोलमधून बाहेर आल्यावरचं. इथे आलो तेव्हा मी काळा कुळकुळीत, तुकतुकीत होतो. प्रसाद आणि दीपा मला कसंही फेकायचे. मग प्रसादची आई, वीणाआजी, सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आली. आल्या आल्या तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा! एवढी महागाची वस्तू अशी उघडी ठेवता?" दुसऱ्या दिवशी मला प्लॅस्टिकचा अंगरखा चढला, वरून रबर. दीपा कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, अमेरिकेत कुणी असं करत नाही हो." आजी म्हणाली, "म्हणूनच इथले रिमोट लवकर मरतात." मला तर बाई फार आवडली.

दिवसभर घरात आम्ही दोघंच. प्रसाद-दीपा ऑफिसला, नात रुही सुट्टीतल्या कामाला. बाहेर चालायला जावं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. आजी खिडकीत उभी राहून म्हणायची, "एवढी घरं आहेत, मग माणसं कुठे ठेवलीत यांनी?"

त्या उन्हाळ्यात रुहीने तिला एक कोरियन मालिका लावून दिली. त्यातला नायक दिवसा लाँड्री चालवायचा, आणि कोर्टातून सुटलेल्या गुन्हेगारांना स्वतः शोधून शिक्षा करायचा. त्याच्या बहिणीला एका बड्या माणसाने गाडीखाली चिरडलं होतं आणि तो पैशाच्या जोरावर सुटला होता. कोरियन नावं आजीच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने बारसंच केलं: हा लाँड्रीवाला आणि बहिणीला चिरडणारा तो मेला टायवाला. खालच्या इंग्रजी ओळी तिला वाचता यायच्या, पण एक वाचून होईस्तोवर चार निघून जायच्या. मग रुही वाचायची आणि आपल्या मराठीत सांगायची. "आजी, तो म्हणतो की तो सोडणार नाही तिला." "त्याला गं, त्याला! टायवाला पुरुष आहे." "व्हॉटेव्हर, आजी!" आणि दोघी हसायच्या.

पण लाँड्रीवाला कुणाला धरून मारू लागला की आजी हसायची नाही. पदर तोंडात धरून पुटपुटायची, "मार मेल्याला. मार." माझ्यावरची तिची पकड इतकी घट्ट व्हायची, की आवाज आपोआप वाढायचा.

"आजी, किलिंग इज नॉट जस्टिस," रुही एकदा म्हणाली.

"तू नको शिकवू मला. कोर्टात मी बसलेय, तू नाही."

तेव्हा रुहीला कळलं. तिचे श्रीरंग आजोबा स्कूटरवरून भाजी घेऊन येत होते, एका गाडीने उडवलं, जागीच गेले. गाडी चालवणारा श्रीमंताघरचा होता. ज्या पानवाल्याने सगळं पाहिलं, तो कोर्टात म्हणाला, मी काही पाहिलं नाही. आजी प्रत्येक तारखेला जायची आणि तो गाडीवाला मान खाली घालून बसायचा. सुटलासुद्धा. रुही आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

मग रुही कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली. शेवटचा एकच भाग राहिला होता. लाँड्रीवाला टायवाल्याला मारतो की नाही? आजीला घास गोड लागत नव्हता. पण ठरलं होतं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रुही आली की दोघींनी बघायचा. एकीने दुसरीशिवाय पुढे जायचं नाही.

नोव्हेंबरातली ती दुपार. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आजीने आधीचाच भाग पुन्हा लावला, निव्वळ सोबत म्हणून. ओळखीचे चेहरे होते ना तेवढेच! बघता बघता डोळा लागला, हात माझ्यावर. भाग संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. शेवटचा! मी आतल्या आत तडफडलो हो, पण मला काय ओरडता येतं? तो अख्खा भाग मी एकट्याने पाहिला. ती जागी झाली तेव्हा पडद्यावर भलतंच काही चालू होतं.

दुसऱ्या दिवशी रुहीचा व्हिडिओ कॉल आला. "आजी! यू वॉच्ड इट! मला इथे आपल्या अकाउंटवर त्या भागाखाली लाल लाइन पूर्ण दिसते!"

"अगं, नाही..." आजीने तोंड उघडलं होतं.

"नो नो, इट्स ओके! ॲक्चुअली मला गिल्टी वाटत होतं. रूममेटने थँक्सगिव्हिंगला शिकागोला बोलावलंय. मला जायचंय, पण आपण प्रॉमिस केलेलं ना."

 आजी म्हणाली, "हो गं, पाहिला मी. राहवलंच नाही. तू जा, मजा कर."

"मग? मारलं का त्याने?"

"मारलं. चांगलं बदडून मारलं."

फोन ठेवल्यावर तिने स्वेटरच्या बाहीने माझं प्लॅस्टिक पुसलं आणि मला टीव्हीशेजारी पालथं ठेवलं. जानेवारीत नागपूरला परत जाईपर्यंत तिने टीव्ही लावला नाही. मला फार वाईट वाटलं. खरा शेवट या घरात फक्त मला ठाऊक, आणि मला तोंड नाही.

आजी गेल्यावर घर सुनं झालं. प्रसाद आणि दीपा एकाच सोफ्यावर बसून आपापल्या फोनमध्ये बघतात. दीपा एकदा माझं प्लॅस्टिक फाडायला निघाली होती. प्रसाद म्हणाला, "राहू दे ना." कारण सांगितलं नाही.

मार्चच्या सुट्टीत रुही आली. बॅग दारात टाकून तिने मला शोधलं आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ.

"आजी, तू खोटं बोललीस! मी काल पाहिला तो भाग. त्याने मारलंच नाही!"

 पलीकडे पंख्याच्या आवाजातून आजी म्हणाली, "झोप लागली होती गं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला जायचं होतं ना, बाळा."

रुहीने नाक ओढलं. तिने फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून टीव्हीसमोर उभा केला. "बघ आता. मी वाचते." आणि मला दाबलं.

लाँड्रीवाल्याने टायवाल्याला आपल्या दुकानात आणलेलं असतं. हातात लोखंडी सळई. आजी तिकडून पुटपुटते, "मार." तो सळई बाजूला ठेवतो, सगळी मशिनं बंद करतो आणि समोर स्टुलावर बसतो. म्हणतो, बोल. टायवाला मान खाली घालून बसतो, कितीतरी वेळ. मग मान वर करतो.

रुहीने वाचलं, "हो. मी केलं. ती ओरडत होती. मला ऐकू आलं होतं. मी गाडी नाही थांबवला."

एरवी आजीने चूक सुधारली असती. पण पलीकडून काहीच आलं नाही.

"आजी? हँग झालं का?"

"आमच्यावाला कधी बोललाच नाही गं," आजी रडत होती. "मला त्याला मारायचं नव्हतं. एवढंच ऐकायचं होतं. मागे घे. परत वाच."

रुहीने मागे घेतलं. "हो. मी केलं." आजी म्हणाली, "परत." ते बटण इतक्यांदा दाबलं गेलं, की त्या जागी माझं प्लॅस्टिक फाटलं.

रुही पुन्हा कॉलेजला गेलीय आणि मी या फटीत. म्हणून तुम्हाला सांगतो, चापट्या मारू नका, सेल बदला. आणि दीपा, फाटलेलं प्लॅस्टिक काढायची घाई करू नकोस गं. आजी जुलैत येणार आहे. नवं तिच्याच हातून घालू दे.