आबांना झेपेल अशी सायकल

मुलांनो, अशी सायकल डोळ्यांपुढे आणा जिला मागचं चाकच नाही. पुढे एक जड लोखंडी चाक, खाली लोखंडी पाय, आणि कितीही पायडल मारलं तरी सायकल जागची हलत नाही. आता तिच्यावर पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा बसवा. हे रामभाऊ, घरच्यांचे आबा. शेजारी हँडल धरून उभी आहे ती त्यांची मुलगी करुणा, आणि समोर फतकल मारून बसलेली नात मेघना.

ही तिघं इंदापूरच्या एका दुकानात आली होती. तिथे व्यायामाची यंत्रं मिळत. करुणा जळोचीत बायकांसाठी वर्ग सुरू करणार होती. एका हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून, गाण्याच्या तालावर अशा सायकली चालवायच्या. हॉल ठरला होता, बायका नावं देऊन गेल्या होत्या, सायकली तेवढ्या निवडायच्या राहिल्या होत्या.

आबांना सोबत आणलं, कारण त्यांना घरी एकटं सोडता येत नव्हतं. करुणाची आई लक्ष्मीबाई गेली आणि आबांची आठवण विरत चालली. दार उघडं दिसलं की ते कामावर निघत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लासुर्ण्याहून वालचंदनगरला सायकलने जाण्या-येण्यात काढली होती. ती नोकरी कधीच संपली हे आता त्यांना उमगत नव्हतं. एकदा तर ते कालव्याच्या कडेने चालताना सापडले. शेजारी म्हणाले, बाहेरून कुलूप लावत जा. करुणाला ते नको होतं. वर्गात आबाही एका सायकलवर बसतील, डोळ्यांसमोर राहतील, असा तिचा बेत होता. तो फसला तर मग कुलूपच.

"ताई, ग्रुपला हीच घ्या," दुकानदार अविराज सांगत होता. "चाक जड हाय. एकदा फिरलं की गाण्यासंगं पाय आपसूक पळत्यात. फक्त पाय रोखून थांबत न्हाय ही. थांबायचं तर ही मूठ दाबायची."

पायडल मारता मारता आबा रंगात आले होते. "आज वारं पडलंय," ते म्हणाले. "न्हायतर पुलावर लई मागं ढकलतं."

"आबा, वाटंत ऊस हाय का?" मेघनाने विचारलं.

"हाय की. तुरा आलाय. तू कुणाची गं?"

"तुमचीच."

"माझी एवढी मोठी कुठली? माझी करुणा अजून रांगतिया."

करुणा हँडलवरची धूळ पुसू लागली. तिथे धूळ नव्हती.

तेवढ्यात आबांचं घर जवळ आलं असावं. त्यांच्या वयाची माणसं सायकल थांबवून उतरत नसत. चालत्या सायकलवर उजवी टांग मागून काढायची, डाव्या पायडलवर उभं राहून थोडं पुढे जायचं, आणि अंगणात अलगद पाय टेकायचा. आबांनी तसंच केलं. पण चाक फिरतच होतं आणि त्याच्याबरोबर पायडलही. वर येणाऱ्या पायडलने त्यांना झटका दिला. करुणाने सावरलं, तरी नडगी सोलून निघाली.

"चैन अडकली," आबा ओशाळून म्हणाले. "तेल द्याया पायजे व्हतं. माझंच चुकलं."

अविराजने कापूस आणला. "यांना नगा बसवू ताई. बायांचं काय न्हाय, सांगितलं की शिकत्यात."

"त्या बी साध्याच सायकलवर शिकल्यात की," करुणा जखम पुसत म्हणाली. "पाय थांबला की पायडल थांबंल, अशी न्हाय का एखादी?"

"हाय ती कडंची. पर तिला असा ताल न्हाय. मागनं मला बोल लावाल."

"न्हाय लावत."

आबा दुसऱ्या सायकलवर बसायला राजी नव्हते. ते नडगीकडे बघत राहिले. मेघनाने सीटवर थापटून दाखवलं तेव्हा बसले. हळूहळू पाय फिरू लागले. मग वेग आला. एका ठिकाणी, जणू उतार लागला, त्यांनी पाय थांबवले. पायडल थांबलं. चाक एकटंच फिरत राहिलं, बारीक टकटक करत. आबांनी डोळे मिटून घेतले.

"ह्याच द्या," करुणा म्हणाली. "समद्या." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला होता.

आबा उतरले. टांग मागून काढून, अलगद. काही लागलं नाही. उभं राहून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"लक्ष्मे, आलो गं," त्यांनी हाक मारली. मग करुणाला विचारलं, "कुठं गेली ही?"

करुणाने हे हिशेबात धरलंच नव्हतं. आता रोज वर्गात आबा घरी पोचणार आणि रोज हाक मारणार. खोटं बोलायचं नाही, हे आबांनीच तिला लहानपणी बुद्धविहारात नेऊन शिकवलेलं. म्हणून आजवर त्यांनी विचारलं की ती खरं सांगत आली. आणि दर वेळी आबांना ते पहिल्यांदाच कळे. ते भिंतीला टेकून खाली बसत आणि नव्याने रडत.

"आबा," ती म्हणाली, "आई..." आणि तिथेच अडली.

"शेतात गेली व्हय?"

अविराज उगाच वजनं रचत बसला. आबा वाट बघत उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढत होती.

मेघना उठली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारपाशी गेली. तिथला पेला तिने विसळला, भरला, फ्रॉकच्या टोकाने त्याचं बूड पुसलं आणि कामावरून घरी आलेल्या माणसाला देतात तसा दोन्ही हातांनी आबांपुढे धरला. आबांनी पेला घेतला. ते पाणी पिऊन होईपर्यंत ती तशीच समोर उभी राहिली, रिकामा पेला परत घ्यायला.